पैकीच्या पैकी

बारापात्रे सर विद्यार्थ्यांना नावाने हाक मारत नसत. मागच्या टेस्टमध्ये जितके मार्क पडले, तेच त्या आठवड्याचं नाव. "ए एकतीस, उभा राय." "सत्तावन्न, खिडकी लाव." एखादी मुलगी बारावर अडकली, की वैशाली नगरच्या आमच्या गल्लीत ती आठवडाभर 'बारा'च असायची, आणि क्लाससमोरच्या सायकलींच्या गर्दीत पोरं तिला त्याच नावाने छळायची. एकदा अशाच एका मुलीची आई तक्रार घेऊन आली. सर म्हणाले, "मी कावून बदलू? तिले सांगा ना, मार्क बदल म्हणावं." बाई आल्या पावली परत गेली. सरांशी भांडून कोणी जिंकल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मी सरांच्या समोरच्या घरात राहायची आणि त्यांच्याच क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची. ते रसायनशास्त्र शिकवत. उंच, सुकलेला माणूस. भर मे महिन्यात, भिलाईचं डांबर वितळत असताना, शर्टाचं गळ्यापाशीचं बटण लावलेलं. खिशात पेनाऐवजी खडू. मला ते आवडायचे असं मी म्हणणार नाही. त्यांचा धाक वाटायचा, त्यांच्या क्लासमुळे माझं घर चालायचं, आणि त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं डॉक्टर व्हायची हेही खरं होतं. स्टील प्लांटमधल्या फोरमनपासून ऑफिसरपर्यंत ज्याला त्याला आपलं पोरगं सरांच्या बाकावर बसवायचं असे. भिलाईत पोरगं जन्मलं की आधी पाळणा आणि मग क्लास, अशी आमच्याकडची रीत.

शिकवण्याबद्दल सरांचं एकच मत होतं. समज मागून येते, आधी पाठ करा. "डोकं म्हंजे वावरातली पायवाट," ते म्हणत, "रोज चालले नाई तर गवत उगवते." त्यामुळे ते कुठेही, कोणालाही, काहीही विचारत. एका माजी विद्यार्थ्याच्या लग्नात आम्ही आहेर द्यायला स्टेजवर चढलो. नवरदेव पाया पडायला वाकला. सरांनी पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, पोटॅशियम डायक्रोमेट तापवलं तर काय मिळतं. नवरदेव हसला. सर हसले नाहीत, हातही काढेनात. मागे आहेरवाल्यांची रांग खोळंबली, फोटोवाला कॅमेरा खाली करून उभा राहिला. नवरदेव काहीतरी पुटपुटला, ते चुकलं. सर नवरीच्या वडिलांकडे वळून म्हणाले, "असाच आहे हा. वरवरचा." आणि जेवायला गेले. पंगतीत त्यांनी जिलेबी दोनदा मागून घेतली.

ही झाली हसण्यावारी न्यायची गोष्ट. दुसरी तशी नाही. क्लासच्याच एका टेस्टमध्ये एका फोरमनच्या मुलाच्या बाहीत चिठ्ठी सापडली. ना बोर्डाची परीक्षा, ना कसली. पण सरांनी त्याच्या बापाला ड्यूटीवरून बोलावून घेतलं. बाप हेल्मेट हातात धरून वर्गाच्या दारात उभा राहिला, आणि सरांनी त्याला ती चिठ्ठी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावली. इंग्रजी त्याला धड वाचता येत नव्हतं. मुलाला क्लासमधून काढलं. बाप हात जोडून म्हणाला, साल बरबाद हो जाएगा सर. सर म्हणाले, चोराचं साल बरबाद झालंच पाहिजे. ते झालंही. मी स्टाफरूममध्ये सरांना म्हटलं की जरा जास्त झालं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी गुमान पुढच्या तासाला निघून गेले.

शालिनीवहिनी म्हणजे सरांची बायको. हिंगणघाटच्या. लग्न होऊन भिलाईला आल्या तेव्हा सर मरोद्याच्या बाजूला भाड्याने राहत. तिथल्या भाजीवालीशी बोलत बोलत वहिनी अशी छत्तीसगढी शिकल्या, की ऐकणाऱ्याला वाटावं बाई इथलीच. चेच भाजीची जुडी हातात घेऊन त्या भाजीवालीच्या सुनेची, नातवाची, म्हशीची चौकशी करत, आणि मग भाजी न घेताच परत येत. सर चारचौघांत म्हणायचे, "हिले काई विचारू नका. बारावीत केमिस्ट्रीत गचकली होती." वहिनी पदर तोंडाला लावून हसायच्या. नवरा-बायकोत असं चालतंच, असं आपण म्हणतो आणि सोडून देतो. मीही सोडून दिलं होतं.

मग वहिनी विसरायला लागल्या. एकच गोष्ट मला दोनदा विचारायच्या. भाजीत मीठ दुसऱ्यांदा पडायचं. दूध उतू जायचं, पातेलं करपायचं. सरांचं निदान तयार होतं: ध्यान नाही. करपलेल्या पातेल्यासमोर त्यांनी वहिनींना उभं केलं आणि म्हणायला लावलं, दूध ठेवलं की मी इथून हलणार नाही. पुन्हा म्हण. पुन्हा. माझ्या स्वयंपाकघरात ते स्वच्छ ऐकू येत होतं. वहिनी शाळकरी मुलीसारख्या चालीत म्हणत होत्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा दूध करपलं.

एकदा त्या ओळखीच्या चौकात दिशा चुकून उभ्या राहिल्या आणि शेजारच्या कोणीतरी त्यांना घरी आणून सोडलं, तेव्हा कुठे सर त्यांना दुर्गच्या एका डॉक्टरकडे घेऊन गेले. त्याने सांगितलं, लक्षणं विस्मरणाच्या आजाराची वाटतात, रायपूरला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. तिथे स्मरणाची चाचणी होईल. आता एक नवं औषध निघालंय, पण ते सुरुवातीच्या पायरीवरच्या पेशंटलाच देतात. चाचणीत फार कमी मार्क आले तर देत नाहीत.

त्या संध्याकाळी सर माझ्या दारात आले. इतक्या वर्षांत त्यांनी मला माझ्या विषयातलं काही विचारलं नव्हतं. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, "बाई, हिप्पोकॅम्पस सांगा." मी सांगितलं. कानाच्या रेषेत, आत खोलवर, बोटाएवढा भाग. नवी गोष्ट आधी तिथे येते, मुरते, आणि मग बाकीच्या मेंदूत कायमचं घर करते. या आजाराचा पहिला घाला बहुधा तिथेच पडतो. म्हणून माहेरची विहीर आठवते आणि सकाळचा चहा आठवत नाही. पेशींच्या मधे एक प्रथिन साचत जातं, भांड्याला किटण धरतं तसं. पेशींच्या आतही गुंते होतात, आणि हळूहळू पेशी मरतात. नवं औषध शिरेतून देतात, ते किटण बरंचसं काढून टाकतं. पण मेलेली पेशी काही त्याने उठत नाही. गेलेलं परत येत नाही, पुढचं जाणं थोडं सावकाश होतं, इतकंच. आणि तेही वेळेत सुरू केलं तर.

सर गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे कटऑफ आहे. त्याच्या वर मार्क पायजेत."

मी म्हटलं, सर, ही परीक्षा पास व्हायची नसते. डॉक्टरांना खरं काय आहे ते दिसायला हवं.

"बाई," सर म्हणाले, "पास व्हायची नाई अशी परीक्षा नसते."

त्यांनी कुठून तरी त्या चाचणीचा नमुना मिळवला. तीस मार्कांची. आजची तारीख, वार, जागा. घड्याळ काढा. ठोकळा पाहून काढा. शंभरातून सात सात वजा करा. पाच शब्द ऐका आणि थोड्या वेळाने परत सांगा. पुढच्या खोलीत टेबल मांडलं गेलं, आणि वहिनींचा क्लास सुरू झाला. सकाळी, दुपारी, दिवे लागल्यावर. सर पाच शब्द सांगत आणि लगेच विचारत. मग जरा थांबून विचारत. मग आंघोळीनंतर, मग जेवताना. वहिनी चुकल्या की पहिल्यापासून. एक दिवस मी वाटीभर चटणी द्यायला गेले, तेव्हा वहिनींनी घड्याळ काढलं होतं आणि सगळे आकडे एकाच बाजूला कोंबले होते. सरांनी लाकडी पट्टी उचलली आणि त्यांच्या बोटांवर मारली. जोरात नाही. पण वहिनींनी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि माझ्याकडे पाहिलं. सर म्हणाले, "आज चोवीस. काल बावीस होती." वहिनींकडे न बघता, मला सांगितलं. त्या क्षणी मला त्या माणसाची शिसारी आली.

आणि सांगायला जिवावर येतं, पण ते जमत होतं. शास्त्राला त्याचं नवल नाही. आजारी मेंदूलाही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा, दर वेळी थोडं अंतर वाढवत विचारली, तर काही उत्तरं हाताच्या सवयीसारखी बसतात. कळत नाही, पण येतं. वहिनींना सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नव्हतं, आणि ते पाच शब्द मात्र त्या धडाधड म्हणत होत्या.

रायपूरला मीही गेले, वहिनींना सोबत म्हणून. गाडीत कुम्हारीचा टोल येईपर्यंत सर विचारत होते, आज वार कोणता, तारीख कोणती, आपण कुठे चाललो. डॉक्टर निघाला सरांचाच जुना विद्यार्थी. सर केबिनमध्ये शिरले तसा तो खुर्चीतून ताडकन उठला, हे मी दारातून पाहिलं. आत पेशंटसोबत एकालाच येऊ देत होते, म्हणून मी बाहेर बसले. आतलं मला परतताना सरांनीच सांगितलं. डॉक्टरने घरच्या अडचणी विचारल्या. सरांनी सांगितलं, विशेष काही नाही, मधेच एखादं नाव आठवत नाही. मग चाचणी झाली, नमुन्यातलीच, तेच पाच शब्द. वहिनींना तिसापैकी तीस मिळाले. डॉक्टर म्हणाला, सर, आंटीने तो टॉप किया. स्कॅनमध्येही वयाच्या मानाने वेगळं काही दिसत नाही. आजार दिसत नसताना हे औषध देता येत नाही, त्याने मेंदूत सूज येते, कधी रक्तस्राव होतो. वर्षभराने पुन्हा दाखवा.

सर औषध आणायला गेले होते आणि निकाल घेऊन आले. मला वाटलं, आता हा माणूस कपाळाला हात लावेल. त्यांनी वैशाली नगरच्या कोपऱ्यावर गाडी थांबवली आणि पेढे घेतले. गल्लीत घरोघरी वाटले. त्यांनी बायकोचं कौतुक केलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. "पैकीच्या पैकी," ते सांगत होते. "आजार नाईच. मी म्हणत होतो ना, ध्यान नव्हतं." वहिनींनी मला तीन वेळा पेढा दिला, आणि तिन्ही वेळा पहिल्यांदाच.

मी सरांना बाजूला घेतलं. म्हटलं, उद्या परत जा. डॉक्टरला सांगा की घरी तयारी करून घेतली होती. सांगा की त्यांना दूध आठवत नाही, चौक आठवत नाही. अजून वेळ आहे.

"म्हंजे मी कॉपी करवली, असं सांगू?" सर म्हणाले. "त्या पोराले? माह्या तोंडानं?"

मी म्हटलं, हो, तसंच सांगा.

"मार्क खरे आहेत, बाई. तिनं स्वतः काढले. मार्क खोटं नाई बोलत." आणि पेढ्यांचा पुडा घेऊन ते पुढच्या घराकडे गेले. मला वाटतं त्यांना ते मनापासून पटलं होतं. आयुष्यभर ज्याने मार्कांवर विश्वास ठेवला, त्याने त्या एका दिवशी कसा सोडावा? माझा राग मात्र त्याने तसूभरही कमी होत नाही.

पेपर झाला की पुस्तक बंद, हाही सरांचाच नियम. वहिनींचं टेबल उचललं गेलं. ते वर्ष आजाराने आपल्या मनासारखं वापरलं. आधी मुलाचं नाव गेलं. तो पुण्याला असतो, फोनवर आई आई करत राहायचा आणि वहिनी नम्रपणे विचारायच्या, कोण बोलतं. मग साडी नेसणं गेलं. त्यांना पुन्हा दाखवा म्हणून मी कितीदा सांगितलं. सर म्हणायचे, वर्ष व्हायचं आहे, डॉक्टरने वर्ष सांगितलं आहे. मुलालाही ते तेच सांगत.

एका सकाळी वहिनी घरातून निघून गेल्या. दुपारी मरोद्याची ती म्हातारी भाजीवाली त्यांना ऑटोत बसवून घेऊन आली. पूर्वीच्या भाड्याच्या घरासमोर बसल्या होत्या म्हणे, आणि तिच्याशी जुन्या म्हशीबद्दल बोलत होत्या. सर गल्लीतच त्यांच्यावर ओरडले. कावून गेली, कोणाले सांगून गेली, अक्कल हाय का. वहिनी भाजीवालीच्या पाठीमागे सरकल्या आणि छत्तीसगढीत तिला विचारलं, हा माणूस कोण. भाजीवालीने सरांकडे पाहिलं आणि ती ऑटोत बसून गेली. सर बराच वेळ फाटकाला धरून उभे होते.

त्या आठवड्यात आम्ही पुन्हा रायपूरला गेलो. या वेळी वहिनी माझा हात सोडेनात, म्हणून मलाही आत घेतलं. डॉक्टरने दुसरे पाच शब्द दिले. वहिनींनी त्यांतला एकही सांगितला नाही. मागच्या वर्षीचे जुने पाच त्या मात्र न विचारता म्हणू लागल्या, आणि म्हणून झाल्यावर शाबासकीसाठी सरांकडे पाहिलं. तिसापैकी नऊ. डॉक्टरने जुना कागद काढून शेजारी ठेवला आणि पुन्हा पुन्हा दोन्हींकडे पाहत राहिला. एका वर्षात असं सहसा होत नाही, म्हणाला.

सर खुर्चीतून उठले. बसलेल्या विद्यार्थ्यासमोर सर उत्तर द्यायला उभे, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. म्हणाले, "पिछली बार मैंने रटवाया था."

डॉक्टरने दोन्ही कागद मिटले. मग हळूच म्हणाला, "सर, उस वक्त बाईस-तेईस भी आ जाते, तो आगे की जाँच करके हम शुरू कर देते."

"अब?"

"अब नहीं, सर. अब उससे कुछ नहीं होगा."

तो उद्धट बोलला नाही, त्याने दोषही दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. निघताना त्याने वाकून सरांना नमस्कार केला, आणि सरांनी त्याला काहीच विचारलं नाही. परतताना भिलाईच्या प्लांटच्या चिमण्या दिसायला लागल्यावर सर एकदाच म्हणाले, "नऊ."

त्यांनी क्लास बंद केला. पालक घरी येऊन हातापाया पडले, पण ते ऐकेनात. पुढे मुलगा दोघांना पुण्याला घेऊन गेला, आणि मी माझ्या मुलीकडे नागपूरला आले. त्याआधी एकदा निरोप घ्यायला म्हणून मी खाऊ म्हणून केलेल्या सरगुंड्यांचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेले. मी दोघांना पाहिलं, ते शेवटचं.

टेबल पुन्हा मांडलेलं होतं. वहिनी एका बाजूला, सर दुसऱ्या. डॉक्टरने सांगितलं होतं, त्यांच्याशी बोलत राहा, आणि सरांना माणसाशी बोलण्याची ती एकच तऱ्हा माहीत होती. सर विचारत होते, आज वार कोणता. आवाज नेहमीचा नव्हता, पण प्रश्न तोच होता. वहिनींच्या कपाळावर घाम आलेला, ओठ हलताहेत, येत काही नाही. मी दारातच थांबले.

मग वहिनी पुढे झुकल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "सर, माहा पेपर खराब गेला. घरी सांगू नका."

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. "कावून?"

"आमचे हे लय बोलतात."

सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"त्याले माईत झालं," सर म्हणाले.

वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. "मंग आता काय करतीन ते?"

"काई नाई," सर म्हणाले. "आता त्याच्या हातात काई नाई."

हे ऐकून वहिनींचा जीव भांड्यात पडला. त्या हसल्या, तोंडभर, मोकळ्या. त्या घरात मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी माझ्या हातातला डबा घेतला, उघडला आणि उभ्या उभ्याच खायला लागल्या.